दोन बोटं उघडी काच

गोदाबाईच्या नाकाच्या गोठी अमरावतीत राजापेठेपासून गाडगेनगरापर्यंत सगळ्यायले पाठ होत्या, अन् त्यातल्या निम्म्या तिनं स्वतःच पसरवल्या होत्या. बडनेऱ्याले कोणाची डाळ करपली तर ही घरात बसून सांगे, का तूर होती का मूग. एकदा दर्यापूरच्या एसटीत चढल्याबरोबर तिनं कंडक्टरले सांगतलं म्हणे, "जा बाप्पा, तुह्या घरी पाहुने आले, भज्याचा वास येऊन राह्यला." तो बिचारा तिकिटं फाडाचं सोडून घरी फोन लावत बसला. अन् अंजनगावच्या बाजारात तर डोळ्याले पट्टी बांधून तिनं विड्याचं पान हुंगलं अन् ते कोणत्या मळ्यातलं आहे एवढंच नाही, तोडणाऱ्या बाईनं सकाळी काय खाल्लं तेही सांगतलं.

अशा गोठी सांगणाऱ्या बाईचं एकच नुकसान होते. ती खरं बोलली तरी लोक हसतात.

तिचा लेक वामनराव, रिटायर मास्तर, तो तर हसतही नव्हता. तो नुसता कपाळाले हात लावे. अन् त्या मे महिन्यातल्या सकाळी तर त्यानं निघायच्या अगोदरच मायले दारात धरलं.

"माय, हात जोडतो. आज तोंड बंद. अन् नाक बी बंद."

"नाक बंद केलं तं श्वास कोठून घेऊ रे? कानातून?"

"सीमाच्या जल्माचा प्रश्न हाये. अकोल्याचं ठिकान हाये, पैशापान्यानं बरं हाये. तुही एक गोठ निघाली अन् थे लोक बिचकले, तं मंग मले काही सांगू नोको."

सीमा म्हणजे वामनरावची पोरगी, गोदाबाईची नात. फार्मसीच्या कॉलेजात शिकवाले लागली होती. पोरगा शिवम, अकोल्याचा. बाप खुशालराव ढेपीचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, मोठा व्यापारी, पोरगा त्याच्याच दुकानात. दोघं एकमेकांले दोनदा भेटले होते, बोलणं जमलं होतं. आता पोरीकडच्यानं पोराचं घर पाह्याले जाचं होतं, अन् पसंत पडलं का तिथंच साक्षगंधाची तारीख काढाची होती. एवढंच बाकी होतं.

एसटीनं येतो म्हटलं तर खुशालरावानं ऐकलं नाही. "छ्या! आमची काँटेसा येईन तुमाले न्याले. बाहेर ऊन पाहा कसं आग ओकून राह्यलं. आमच्या गाडीत बसाल तं शाल मागाल, शाल!"

अन् खरंच गाडी दारात येऊन उभी राह्यली. पांढरी, लांबच्या लांब, धुऊनपुसून चकचकीत. खुशालराव स्वतः चालवत आला होता. गोल पोट, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्यानं उतरून मांगचं दार उघडलं, "बसा आजीबाई, बसा जी," म्हणत हात पुढं केला. गोदाबाईनं एक पाय आत टाकला अन् तिथंच थांबली.

आतून वास आला.

कसा वास म्हणावं? लसणाची सालं ओल्या फडक्यात बांधावी, फडकं डब्यात कोंबावं, डबा उन्हात ठेवून माणसानं चिखलदऱ्याले महिनाभर राहून यावं, अन् मंग झाकण उघडावं, तसा. बरं, तेवढ्यावरही भागलं नव्हतं. त्याच्यावर कोणीतरी मोगऱ्याचं अत्तर ओतलं होतं. सडकं एक वेळ परवडते. सडक्यावर अत्तर म्हणजे मेलेल्या उंदराले नवरदेव करून बसवल्यासारखं.

"शीऽऽ," गोदाबाईच्या तोंडून निघालंच.

"माय!" वामनराव दातओठ खात पुटपुटला.

"शी... शीतल हाये म्हटलं. गाडी लय शीतल हाये."

सीमा तिच्या बाजूले बसली, वामनराव समोर खुशालरावाच्या शेजारी. गाडी निघाली. काचा बंद, एसीचा वारा सूं सूं, अन् वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीसंगं तो लसूण-मोगरा गोदाबाईच्या नाकात. तिनं पदर नाकाले लावला. मंग काच खाली कराची मूठ शोधली अन् फिरवली.

"ना ना ना, आजीबाई!" खुशालराव आरशात पाहून ओरडला. "काच खाली नाई कराची. सगळी थंडी बाहेर जाते."

गोदाबाईनं मूठ सोडली. पण मूठ सोडता सोडता तिची नजर समोर गेली. खुशालरावाच्या बाजूची काच दोन बोटं उघडी होती.

"तुमची काच उघडी हाये ना, भाऊ?"

"मले खर्रा थुकाले लागते ना!" तो हसला. दात लाल-काळे, फटींमध्ये सुपारीचा चुरा. गोदाबाईनं तोंड फिरवलं.

बडनेरा मागे पडलं. वामनरावले काहीतरी चांगलं बोलाचं होतं, म्हणून तो म्हणाला, "थंडी मात्र मस्त हाये जी. एवढ्या जुन्या गाडीत एसी येवढा चालतो म्हंजे कमाल हाये."

झालं. खुशालरावाले हेच पाह्यजे होतं. तो गिअरवर थाप मारून सुरू झाला.

"लय डोस्कं लावलं मी याच्यात, मास्तर. या गाडीत जो जुना गॅस राहे ना, बारा नंबर, थो सरकारनं कवाचा बंद केला. मिळतच नाई. मंग मी अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपात दाखवलं. थो म्हने, जुना गॅस मशीनवर काढून घेऊ, नवा चौतीस नंबरवाला टाकू. पन नुसता टाकून जमत नाई म्हने. आतलं तेल बदला, सुकवनाची बाटली बदला, रबराच्या रिंगा बदला, भराचं तोंड बी बदला म्हंजे उद्या कोनी चुकून दुसरा गॅस घुसवू नाई. अन् वरतून बोनेटमंदी चिठ्ठी चिकटवा, का याच्यात कोनता गॅस हाये. अन् येवढं करून थंडी पयल्यापेक्षा जराशी कमीच पडन! मी म्हटलं, वा रे वा. मी काय गाडीचं लग्न लावून राह्यलो?"

"मंग?"

"मंग दुसरा भेटला. त्याच्यापाशी डबे होते, नाव-गाव नसलेले. मिक्स म्हने. कशाकशाचं मिक्स, थे त्यालेच माहीत नाई. असं काही एकदा भरलं का मंग दुसरा कोनी मिस्त्री आपल्या मशीनीले ही गाडी लावू देत नाई, त्याची मशीन खराब होते. म्हटलं, हे बी नाई."

"मंग तिसरं काय केलं?" हे गोदाबाईनं विचारलं. पदराआडून.

खुशालरावाचे डोळे आरशात तिच्यावर आले अन् गेले. "आपला एक मानूस हाये अकोल्यात. त्यानं टाकला एक गॅस. नाव इचारू नका, थंडी पाहा."

असं म्हणून त्यानं गिअरच्या बाजूची पाण्याची बाटली उचलली, झाकण दातानं उघडलं अन् खर्र्याची पिंक त्या बाटलीत सोडली. बाटली अर्धी भरली होती. आत लाल-काळं पाणी गाडीच्या हेलकाव्यासंगं डुचमळत होतं. त्यानं झाकण लावलं अन् बाटली परत जागेवर ठेवली, वामनरावाच्या गुडघ्याले टेकून.

गोदाबाईले आधी किळस आली. मंग तिच्या डोक्यात दुसरीच गोठ शिरली. हा माणूस थुकते बाटलीत. मंग याची काच उघडी कशाले?

तिनं गाडी नीट पाह्याले सुरुवात केली. समोर डॅशबोर्डवर गणपती होता. गणपतीसमोर पितळेचं उदबत्तीचं घर होतं, त्यात जुन्या राखेचा थर, अन् वर छताले धुराचा काळा पट्टा, वर्षानुवर्षाचा. पण राख गार, कडक, धूळ बसलेली. आता तिथं एक प्लॅस्टिकचा बॅटरीवर लुकलुकणारा दिवा चिकटवला होता.

ज्या माणसानं एवढी वर्षं गाडीत उदबत्ती लावली, त्यानं ती लावाची काहून सोडली?

अन् मंग तो लसणाचा वास तिच्या नाकात नीट बसला. मोगरा बाजूले काढला का तो कोणता वास आहे, हे कोणत्याही घरातली पोरगी सांगेल. सिलिंडरची टोपी ढिली राहिली का सकाळी स्वयंपाकखोलीत जो येते, तोच.

तिनं सीमाच्या कानाले लागून म्हटलं, "पोरी, हा सैपाकाचा गॅस हाये. टाकीतला. यानं एसीत भरला हाये अन् थो आत झिरपून राह्यला."

सीमानं श्वास ओढून पाह्यला. तिचा चेहरा बदलला. "हो आजी," ती हळू म्हणाली. "तोच आहे."

"काय खुसरफुसर?" वामनरावनं मांगं वळून पाह्यलं. डोळे वटारून.

गोदाबाईले अजून एक गोठ पक्की करून घ्यायची होती. ती मोठ्यानं, गोड आवाजात म्हणाली, "खुशालराव भाऊ, देवाच्या मनात असन तं पोरीची पाठवनी याच गाडीत का जी?"

"म्हंजे काय! फुलायनं मढवून!"

"आमच्यात करवलीच्या मांडीवर कऱ्हा-दिवा राह्यते. पेटलेला. थो घरी पोचेपर्यंत विझू देत नाई."

गाडी जराशी हेलकावली. "दिवा... दिवा आपन बॅटरीचा घेऊ ना आजीबाई. आता लय चांगले मिळतात. हा पाहा, गनपतीपुढं."

"अन् तुमीच चालवसान का गाडी?"

"मी नाई. ड्रायवर सांगू एखादा. मी मांगच्या गाडीत येईन. मले एसी सहन होत नाई जास्त."

एवढी घाण गोदाबाईनं जल्मात हुंगली नव्हती, अन् यावेळी ती नाकानं आली नव्हती. माणसाले माहीत होतं. सगळं माहीत होतं, बारा नंबर, चौतीस नंबर, रिंगा, चिठ्ठी. माहीत होतं म्हणून तर उदबत्ती बंद, माहीत होतं म्हणून तर स्वतःपुरती दोन बोटं काच. बाकीच्यायनं मोगरा हुंगावा.

ती पुढं झुकली अन् खुशालरावाच्या खांद्यामांगं तोंड नेऊन तिनं असा मोठा आवाज काढला, का रस्त्यावरचा सायकलवाला दचकला. "ओऽऽक!"

"काय झालं? काय झालं?"

"मले ओकारी येते. सकाळी ठेचा-भाकर खाल्ली होती, आता येते सगळी वर. सीटवरच होईन बाप्पा. नवं कव्हर हाये ना हे?"

खुशालरावानं एका झटक्यात एसी बंद केला, गाडी बाजूले घेतली अन् उतरून चारही काचा खाली केल्या. मूर्तिजापूर अजून यायचं होतं. तिथून पुढं अकोल्यापर्यंत ती लू खात गेली, केस उडवत, तोंड भाजत, अन् जरा कोणी काचेच्या मुठीले हात लावला का पुन्हा "ओऽऽक" करत. वामनराव रागानं लाल झाला होता. पण सीमानं आपला हात आजीच्या हातावर ठेवला होता अन् तो काढला नाही.

घर डाबकी रोडवर होतं. मोठं फाटक, अंगणात कडुनिंब, बाजूले सिमेंटची पाण्याची टाकी. शिवम धावत आला, वाकून पाया पडला. पोरगा गोरागोमटा, बोलण्यात अदब. त्याची आई मनकर्णाबाई कपाळाले बाम लावून बाहेर आली.

"या जी, या. माफ करा, डोस्कं धरलं हाये. काल याइच्यासंगं गाडीनं शेगावले गेली होती. मले त्या गाडीत बसलं का डोस्कं चढतेच. हे म्हंतात तुले एसीची सवय नाई."

गोदाबाईनं तिच्या कपाळावरच्या बामाकडे पाह्यलं अन् मंग दारातल्या गाडीकडे.

चहाच्या निमित्तानं ती आत स्वयंपाकखोलीत गेली. मनकर्णाबाईनं शेगडी पेटवली अन् आपणहून सुरू झाली, जशा बायका पहिल्याच भेटीत सुरू होतात. "सिलिंडर पुरतच नाई हो आजी. आताशा अर्ध्यातच खतम. मी याइले सांगतलं तं म्हंतात, तूच दिवसभर चहा उकळतं."

गोदाबाईले चहा गेला नाही. कप तोंडाशी नेला का लसूण आठवे, खाली ठेवला का ती बाटली. तिनं वामनरावले बाहेर ओट्याच्या कोपऱ्यात गाठलं अन् सगळं सांगतलं, एका दमात, एकही शब्द न वाढवता. तिच्या जल्मात पहिल्यांदाच.

वामनरावनं ऐकून घेतलं अन् म्हणाला, "अन् दर्यापूरच्या कंडक्टरच्या घरी भजे बी होते."

"वामन, मी खरं सांगून राह्यली."

"तू भज्याचं बी खरंच सांगे. माय, पोरगा चांगला हाये. घर चांगलं हाये. वासासाठी सोयरीक मोडू मी? लोक इचारतीन काहून मोडली, तं सांगू का, गाडीत लसनाचा वास होता?"

गोदाबाई वळली. खरं बोलून पाह्यलं होतं, चाललं नाही. मंग जे येते तेच करावं.

ती बैठकीत आली, पदर सावरला, अन् देवळात पुराण सांगाले बसल्यासारखी बोलली. "घर पाह्यलं. मानसं पाह्यली. आता आमच्यातली एक रीत बाकी हाये. यंत्राची ओवाळनी."

"हे काय असते?" शिवमनं हसत विचारलं.

"पोरगी ज्या वाहनातून सासरी जानार, त्याचं तोंड उघडून पोराच्या बापानं कापूर ओवाळाचा. माह्या सासूच्या येळी बैलगाडी होती, तं बैलाचा जबडा उघडून ओवाळलं होतं. बैलानं कापूर खाल्ला अन् पुढं सहा महिने त्याच्या शेणाले कापराचा वास येई. मच्छर गावात फिरकला नाई. माह्या नंदेच्या येळी फटफटी होती. आता तुमची मोटार हाये, तं बोनेट उघडा, कापूर लावा, अन् मंग तारीख काढू."

वामनरावनं आ केला. असली रीत त्यानं उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. पण चार परक्या माणसांसमोर 'आमच्यात असली रीत नाही' म्हणावं तर आपलंच खानदान कमी दिसते. म्हणून त्यानं आ मिटला अन् मान हलवली. "हो. हाये. जुनी रीत हाये."

खुशालरावाचा खर्रा गालातल्या गालात थांबला. "आता? आता कशाले? मुहूर्त पाहून करू."

"याले मुहूर्त लागत नाई."

"माहा गुडघा..."

"बरं, तुमचा गुडघा राहू द्या. पोरगा ओवाळन. अन् ताट मनकर्नाबाई धरतीन."

शिवम उठलाच. त्याले काय, होणाऱ्या बायकोच्या आजीची हौस. त्यानं बाहेर जाऊन बोनेट उघडलं. मनकर्णाबाईनं ताटात कापराच्या वड्या मांडल्या अन् बोनेटखाली धरलं. सगळे अंगणात आले. सीमा आजीच्या कानाशी लागली.

"आजी, खरंच पेटलं तर?"

"पेटाले काडी तं पाह्यजे," गोदाबाई म्हणाली अन् कमरेची काडेपेटी काढून शिवमच्या हातात ठेवली.

खुशालराव फाटकाच्या दिशेनं मांगं मांगं सरकत होता. आधी एक पाऊल. मंग दोन. शिवमनं काडेपेटी कानाशी हलवली, आत खुळखुळलं, अन् त्यानं अंगठ्यानं ती उघडाले घेतली.

"नोको बे! नोको लावू!" खुशालराव असा ओरडला, का निंबावरचे कावळे उडाले. "सैपाकाचा गॅस हाये त्याच्यात! भडका होईन!"

अन् हे म्हणता म्हणता तो पळाला. एवढ्या पोटाचा माणूस एवढ्या चपळाईनं पळते, हे कोणाले खरं वाटलं नसतं. पाण्याच्या टाकीमांगं जाऊन खाली बसला, डोक्यावर दोन्ही हात ठेवून.

बोनेटखाली ताट धरलेली त्याची बायको तिथंच उभी होती. बाजूले त्याचा पोरगा, हातात काडेपेटी.

मंग शिवमनं काडेपेटी उघडली. आत लवंगा होत्या.

मनकर्णाबाईनं ताट हळूच खाली ठेवलं. ती टाकीकडे पाहत राह्यली. टाकीच्या कडेनं नवऱ्याचे दोन डोळे अन् अर्धं टक्कल दिसत होतं.

"काल शेगावले," ती म्हणाली, "तुमी गाडी मंदिराच्या मैदानात लावून सगळ्यायले म्हटलं, याच्याजवळ कापूर-उदबत्ती नाई लावाची, नवा रंग हाये. अन् मले आतच बसवून गेलते. काचा लावून."

खुशालराव उठला. कपडे झटकले. अन् त्याचं तोंड पुन्हा सुरू झालं. "काही होत नाई गं. कित्येक जुन्या गाड्याइत हाच भरतात लोक. थंडी बी जास्त देते. अन् मी सोता चालवतो ना! मले काही झालं का?"

"सोता चालवता," गोदाबाई म्हणाली, "दोन बोटं काच उघडी ठेवून."

"थे खर्रा थुकाले."

"खर्रा तुमी बाटलीत थुकता, भाऊ. माह्या लेकाच्या गुडघ्याले घासत होती ती बाटली."

वामनरावनं आपल्या पँटच्या गुडघ्याकडे पाह्यलं. तिथं एक लालसर डाग होता. त्यानं रुमाल काढला अन् डाग पुसू लागला. पुसत राह्यला, पुसत राह्यला, जसा काही डाग हाडापर्यंत गेला होता. मंग तो पुसता पुसता थांबला अन् मायकडे बघून म्हणाला, "अकोल्यापर्यंत मी समोर बसलो होतो. त्याच्या बाजूले. मले सांगाची गरज नाई वाटली त्याले."

सीमा शिवमसमोर जाऊन उभी राह्यली.

"तुम्हाला माहीत होतं?"

शिवमनं खाली पाह्यलं. "गॅस कोनता, थे माहीत नव्हतं. आईची शपथ."

"वास?"

"वास येत होता."

"मग?"

"बाबाले इचारलं नाई. बाबाले आमी काही इचारत नाई."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं गोदाबाईले वाटलं. खोट्यावर चिडता येते. हे खरं होतं, अन् त्याचाच वास जास्त येत होता. सगळं घर नाकावर पदर घेऊन बसलेलं, अन् वरून मोगरा.

सीमा म्हणाली, "माझ्या आजीनं गाडीत पाय ठेवल्याबरोबर शी म्हटलं. मला असं तोंडावर शी म्हणणाऱ्या घरात राहायची सवय आहे. मी इथं नाही येणार."

"सीमा, मी गाडीतला गॅस उद्याच काढून घेतो. बरोबर माणसाकडून. चिठ्ठी लावतो."

"लावा. आई बसतात त्यात. त्यांच्यासाठी लावा."

गोदाबाईनं मनकर्णाबाईचा हात धरला. "माय, त्या गाडीत बसू नोका. मोकळ्या जागी ठेवा, अन् जानत्या मानसाकून गॅस काढून घ्या, जोपर्यंत थो म्हनत नाई तोपर्यंत चालू बी करू देऊ नोका." मनकर्णाबाईनं मान हलवली. मंग ती नवऱ्याकडे गेली अन् हात पुढं केला. खुशालराव पाहतच राह्यला. तिनं त्याच्या खिशात हात घालून गाडीची किल्ली काढली अन् स्वतःच्या कमरेले खोवली. त्याच्या खिशातून खर्र्याची पुडी पडली. ती तिनं पायानं बाजूले सारली, जशी झुरळ सारतात.

"एसटी स्टँड कोनीकडे?" वामनरावनं विचारलं.

परतीची एसटी गच्च भरलेली होती. खिडक्या सगळ्या उघड्या, अन् बाहेरून भट्टीचा वारा. समोरच्या सीटवर एक जण पाय वर घेऊन झोपला होता, त्याच्या मोज्यांचा वास. मांगं कोणाच्या टोपलीत ओले कांदे. एका बाईच्या मांडीवर करडू, अन् करडानं आपलं काम खालच्या खाली उरकलेलं. गोदाबाईनं नाक मुरडलं, पदर लावला, पुन्हा काढला.

"शी, शी, शी," ती म्हणाली. "पाय म्हनावं का काय हाये हे? याच्या मोज्यानं तं मूर्तिजापूरची पिकं करपतीन."

सीमा खिडकीकडे तोंड करून रडत होती. थोडंसंच. मंग हसली. मंग पुन्हा रडली. वामनराव दोघींच्या मधोमध बसून समोर पाहत होता. बोरगाव मंजू गेल्यावर तो एकदम म्हणाला, "माय, त्या कंडक्टरच्या घरी खरंच भजे होते का?"

"कांद्याचे," गोदाबाई म्हणाली. "अन् तेल जुनं होतं."

पुढं खुशालरावानं अकोलाभर सांगतलं, का पोरीची आजी खोटारडी आहे, काडेपेटीत लवंगा ठेवते. गोदाबाईनं ते ऐकलं अन् खूश झाली, कारण आता तिचं नाव दोन जिल्ह्यांत झालं. तीही गप्प बसली नाही. तिच्या तोंडी ती काँटेसा महिन्याभरात मोठी होत गेली. आधी बोनेटमधून निळी ज्योत निघाली. मंग गाडी जमिनीवरून हातभर उचलली गेली. श्रावण लागेपर्यंत ती थेट उडून चिखलदऱ्यावरून गेली, कॉफीच्या झाडांले झळ लागली, अन् त्या वर्षीची कॉफी झाडावरच भाजून तयार मिळाली. खुशालरावाचं पळणं तर एवढं वाढलं, का तो टाकीमांगं थांबलाच नाही. बाळापूर ओलांडून गेला.

ऐकणारे पोट धरून हसत. सीमाही आता हसे. तिच्यासाठी दुसरं ठिकाण पाहणं सुरू झालं होतं, अन् गोदाबाई प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर आधी थांबून एक लांब श्वास घेई. वामनराव तिले आता आडवत नसे.

एकदा शेजारच्या शालूनं विचारलं, "आजी, तुमी सगळं वाढवून सांगता. पन त्याची काच दरवेळी दोनच बोटं काहून सांगता? तिले बी वाढवा ना. पुरी उघडी होती म्हना."

गोदाबाईचं तोंड कडू झालं, जसा वास पुन्हा आला.

"पुरी उघडी असती," ती म्हणाली, "तं आमाले बी वारा लागला असता."